किल्ली फ्रिजमध्ये

आमच्या पहिल्या शॉर्टफिल्मच्या पटकथेत एक ओळ होती, ‘आजोबा जुडग्यातून घराची किल्ली काढतात आणि टेबलावर ठेवतात.’ ही ओळ लिहायला मला दहा सेकंद लागले असतील. पडद्यावर ती 52 सेकंद चालते. मधल्या चार महिन्यांत काय काय झालं ते सांगतो.

आम्ही तिघं. लिहिणारा मी, म्हणून दिग्दर्शकही मीच, कारण दुसरं कुणी तयार होईना. मैत्रीण कॅमेऱ्यावर, कारण तिघांत बरा फोन तिचा. आणि मित्र साउंडवर, कारण त्याला द्यायला दुसरं काही उरलंच नव्हतं. आमची समज किती होती ते या वाटणीतच दिसतं. आज पुन्हा वाटणी करायची वेळ आली तर तिघांत जो सगळ्यात शहाणा असेल त्याला आधी साउंडवर बसवीन.

फिल्म स्कूलचं तोंड आमच्यापैकी कुणी पाहिलेलं नव्हतं. शिकलो ते रात्री जागून व्हिडिओ बघून, आणि त्याहून जास्त, आवडते सिनेमे आवाज बंद करून बघून. आवाज बंद केला की कट दिसायला लागतात, कॅमेरा कुठून कुठे गेला ते कळतं. सिनेमा आवाज बंद करून शिकलेल्या पोरांनी पुढे आवाजाकडे दुर्लक्ष केलं, यात नवल ते काय!

सामान म्हणजे तो एक फोन, एका पायाला चिकटपट्टी गुंडाळलेला ट्रायपॉड, आवाज रेकॉर्ड करायला दोन जुने फोन, आणि माझा लॅपटॉप, ज्याचा पंखा सुरू झाला की शेजारच्या खोलीत कळायचं.

पटकथेचा पहिला खर्डा चौदा पानांचा होता. त्यात शेवटी उलगडा व्हायचा की आजोबा मुळात जिवंतच नाहीत. मैत्रिणीने तो वाचला आणि म्हणाली, “अरे, शॉर्टफिल्ममधल्या निम्म्या म्हाताऱ्यांना तुम्ही लोक शेवटच्या मिनिटाला मारता.” मला राग आला. दोन दिवसांनी पटलं. मग उरलं ते एवढंच: घर विकलंय, नवा मालक किल्ली घ्यायला आलाय, आजोबा बोलण्यात वेळ काढतात आणि शेवटी किल्ली देतात. एक खोली, दोन माणसं, एक दुपार. पानं झाली सात. साधनं कमी असली की गोष्ट तेवढ्यातच बसेल अशी शोधावी लागते, हे तोवर आमच्या ध्यानात आलं होतं. रेल्वे स्टेशनवरचा पाठलाग आम्ही आधीच्या एका अर्धवट सोडलेल्या फिल्ममध्ये करून पाहिला होता. त्याबद्दल न बोललेलंच बरं.

शूटच्या आधी आठवडाभर चाचण्या घेतल्या. पहिल्याच रात्री ट्यूबलाइटखाली शूट केलेल्या क्लिपमध्ये भिंतीवरून काळसर पट्टे वरखाली सरकताना दिसले. फोन बिघडला असं वाटलं. फोन ठीक होता. आमच्याकडची वीज 50 हर्ट्झची, म्हणजे दिवा सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतो. डोळ्याला ते दिसत नाही, पण शटर, म्हणजे एका फ्रेमसाठी उजेड आत घ्यायचा वेळ, त्याच्याशी जुळला नाही तर कॅमेऱ्याला दिसतं. शटर 1/50 सेकंदावर ठेवला की प्रत्येक फ्रेमच्या वाट्याला नेमक्या दोन लुकलुकी येतात आणि पट्टे जातात. त्याच हिशेबाने आम्ही सेकंदाला 24 ऐवजी 25 फ्रेम धरल्या. मला 24 चा फार सोस होता, ‘सिनेमा म्हणजे 24’ असं डोक्यात बसलेलं. नंतर वाचलं की मूकपटांच्या काळात वेग असा पक्का ठरलेला नव्हताच. 1920 च्या दशकाच्या शेवटी बोलपट आले, आवाज फिल्मच्या कडेला छापायचा तर वेग स्थिर हवा, म्हणून 24 वर एकमत झालं. म्हणजे ज्या आकड्याचा मी एवढा धोशा लावला होता तोही आवाजासाठीच ठरलेला होता.

बऱ्याच फोनच्या नेहमीच्या कॅमेऱ्यात शटर हाताने लावता येत नाही. त्यासाठी वेगळं ॲप लागतं, आणि आता चांगली ॲप फुकट मिळतात. एक्स्पोजर (उजेड किती घ्यायचा), फोकस आणि व्हाइट बॅलन्स (रंगांची छटा) तिन्ही लॉक करायचे, नाहीतर कुणी खिडकीसमोरून गेलं की भिंत आपोआप उजळते आणि पुन्हा मंदावते. एवढं एक केलं तरी फोनचं शूट फोनसारखं दिसत नाही. वेगळ्या लेन्स, गिंबल (फोन न हलता धरणारी दांडी) वगैरेच्या नादी आम्ही लागलो नाही. लागायला पैसेही नव्हते, पण असते तरी मी आता म्हणेन, नको.

आमच्या वरच्या मजल्यावर एक आजोबा राहतात. आयुष्यभर हिशेब लिहिण्याची नोकरी केलेले, ऐंशीच्या आसपासचे, कानाला यंत्र. त्यांच्या हालचालीत एक सावकाशपणा आहे, गोष्ट उचलण्याआधी ते तिच्याकडे क्षणभर बघतात. मी त्यांना जिन्यात विचारलं. ते म्हणाले, “मला पाठ होणार नाही.” मी म्हणालो, “पाठ करू नका आजोबा, तुमच्या शब्दांत बोला.” त्यांच्या सूनबाई, म्हणजे आमच्या काकू, दारात उभ्या होत्या. त्यांनी विचारलं, “किती वेळ लागेल?” मी बिनधास्त म्हणालो, “अर्धा दिवस.”

अर्ध्या दिवसात सात पानं होत नाहीत. पहिल्यांदा शूट करणाऱ्याची तर एक धड होत नाही.

रविवारी सकाळी आठला आम्ही त्यांच्या घरात शिरलो. पहिला तास फर्निचर हलवण्यात गेला. भिंतीवरचं घड्याळ टिकटिक करत होतं, ते उतरवून तिसऱ्या खोलीत उशीखाली ठेवलं. पंखे बंद. मग मित्राने कान देऊन ऐकलं आणि फ्रिजकडे बोट केलं. फ्रिज बाहेरच्या खोलीला लागूनच होता आणि चांगला घुमत होता. बटण बंद केलं. एका व्हिडिओत त्याने युक्ती पाहिली होती: फ्रिज बंद केल्यावर आपल्या गाडीची किल्ली फ्रिजमध्ये ठेवायची, म्हणजे घरी जाताना किल्ली शोधावी लागते आणि फ्रिज चालू करायचं आठवतं. त्याने मोठ्या ऐटीत बाइकची किल्ली आत ठेवली. फ्रिज बंद करतोय हे काकूंना सांगायचं मात्र तिघांपैकी कुणाच्याही मनात आलं नाही.

खोलीला एकच मोठी खिडकी. तिच्यातून येणारा उजेड आजोबांच्या एका गालावर पडायचा आणि दुसरा गाल काळा. दिवे नव्हते. इथे मला छायाचित्रकार सुब्रत मित्र यांची आठवण झाली. सत्यजित राय यांच्या ‘पथेर पांचाली’चं छायाचित्रण सुरू केलं तेव्हा हा माणूस एकवीस-बावीस वर्षांचा होता आणि त्याआधी त्याने सिनेमाचा कॅमेरा चालवलेला नव्हता. पुढे ‘अपराजितो’साठी बनारसच्या घराचा चौक स्टुडिओत उभारला, तेव्हा वरून येणारा आभाळाचा उजेड हवा म्हणून त्यांनी सेटवर पांढरं कापड ताणलं आणि खालून दिवे त्या कापडावर मारले. परतून आलेला उजेड मऊ, सावल्या न पाडणारा. आम्ही काकूंकडून एक पांढरी चादर मागितली, दोन खुर्च्यांच्या पाठींवर ताणून आजोबांच्या काळ्या गालाच्या बाजूला उभी केली. गाल उजळला. त्या एका क्षणी मला वाटलं, जमतंय आपल्याला.

पण ऊन थांबत नाही. आम्ही शॉट घेत होतो गोष्टीच्या क्रमाने, पान एक, पान दोन. सकाळी कपाटावर असलेला उन्हाचा चौकोन दुपारी सरकत सरकत टेबलावर येऊन बसला. एकाच संभाषणात आजोबांच्या शॉटमध्ये सकाळ आणि नव्या मालकाच्या शॉटमध्ये दुपार. शॉट लावायचे ते उजेडाच्या क्रमाने: खिडकीकडे बघणारे सगळे एका दमात, मग उलट दिशेचे सगळे. हे आम्हाला कळलं ते एडिटिंगला बसल्यावर.

आजोबांच्या कानाचं यंत्र मधेच शिट्टी वाजवायचं. त्यांनी स्वतःच ते काढून खिशात ठेवलं. आता त्यांना ‘ॲक्शन’ ऐकू येईना. मग मैत्रिणीने रुमाल हलवायचा आणि ते सुरू करायचे असं ठरलं. क्लॅपबोर्ड नव्हता, मी फ्रेममध्ये हात घालून टाळी वाजवायचो. टाळीचा आवाज आणि हात मिळाल्याचं चित्र जुळवलं की वेगळा रेकॉर्ड केलेला आवाज चित्राला बसतो. आवाजाचा एक फोन आजोबांच्या सदऱ्याच्या खिशात, दुसरा टेबलाखाली. माइक आणि तोंड यांच्यातलं अंतर निम्मं केलं की आवाज साधारण 6 डेसिबलने चढतो, खोलीचा घुमारा मात्र तेवढाच राहतो. म्हणून चार फुटांवरच्या महागड्या माइकपेक्षा वीतभर अंतरावर ठेवलेला जुना फोन कितीतरी कामाचा.

नव्या मालकाचं काम माझ्या कॉलेजातला एक जण करत होता. त्याला चार वाजता निघायचं होतं आणि तो चार वाजता निघाला. मी त्याला थांबवू शकत नव्हतो, कोणत्या तोंडाने थांबवणार? त्याचे तीन शॉट राहिले. त्याचा शर्ट मात्र मागून घेतला, साउंडवाल्या मित्राला घातला आणि त्याला पाठमोरा बसवला. पडद्यावर जी मान दिसते ती निम्म्या वेळा त्याची आहे.

साडेचारला किल्लीचा शॉट. आजोबा थकले होते, ते दिसत होतं. मी त्यांना म्हणालो की हा शेवटचा, हे झालं की संपलं. रुमाल हलला.

जुडगा त्यांचा स्वतःचाच होता, सहा-सात किल्ल्यांचा. कडं दुहेरी वेटोळ्याचं, स्टीलचं, चांगलंच घट्ट. पटकथेप्रमाणे त्यांनी किल्ली काढून ठेवायची होती. त्यांनी अंगठ्याचं नख वेटोळ्याच्या फटीत घातलं. नख सरकलं. पुन्हा घातलं. कडं थोडं उघडलं आणि मिटलं. त्यांनी जुडगा उजेडाकडे धरला, चष्मा वर केला, पुन्हा खाली केला. मग दुसऱ्या एका किल्लीचं टोक फटीत रोवून त्यांनी कडं उघडं धरलं आणि घराची किल्ली अंगठ्याने ढकलायला लागले. ती अर्ध्या वेटोळ्यापर्यंत आली आणि अडली. त्यांनी मान वर करून समोर पाहिलं, मदत मागावी की नाही असा विचार करत असावेत. समोर शर्ट बदललेला आमचा मित्र. त्यानेही हात पुढे केला नाही, कारण पटकथेत नव्हतं. आजोबांनी मान खाली घातली आणि किल्ली पुढे ढकलली. ती सुटली तेव्हा टेबलावर पडली, ठेवली गेली नाही. त्यांनी ती बोटाने सरळ केली.

एक मिनिट चाळीस सेकंद. मैत्रिणीचा हात फोनवरून हलला नव्हता. मी ‘कट’ म्हणायला विसरलो. मित्राचा चेहरा तेवढा पडलेला होता. तो हळूच म्हणाला, “फ्रिज चालू आहे.”

झालं असं होतं की दुपारी काकूंनी फ्रिज उघडला, तर आत दिवा नाही आणि मधल्या कप्प्यात बाइकची किल्ली. त्यांनी किल्ली बाहेर काढून टेबलावर ठेवली आणि बटण चालू केलं. त्या रागावल्या नाहीत, पण आवाज नेहमीचा नव्हता. “बाबांचं इन्सुलिन असतं रे त्यात. विचारायचं तरी.” इन्सुलिनची न उघडलेली पेनं 2 ते 8 अंशांत ठेवावी लागतात, हे मला त्या दिवसापर्यंत माहीत नव्हतं. सकाळपासून आम्ही त्या घरात उजेड बघितला, कपाट बघितलं, भिंतीचा रंग बघितला. फ्रिज आमच्या लेखी फक्त एक नको असलेला आवाज होता. मी माफी मागितली. आजोबांना काही ऐकू येत नव्हतं, ते आमच्याकडे बघून हसले आणि विचारलं, “पुन्हा करायचं का?”

पुन्हा नाही केलं.

एडिटिंगबद्दल फार लिहीत नाही, त्याच्यावर हवं तेवढं वाचायला मिळतं. दाविंची रिझॉल्व्ह या एडिटिंगच्या सॉफ्टवेअरची फुकट आवृत्ती वापरली. लॅपटॉपला फोरकेच्या जड फाइल्स झेपेनात, म्हणून आधी प्रॉक्सी, म्हणजे त्यांच्या हलक्या नकला, बनवल्या आणि त्यांच्यावर काम केलं. एक गोष्ट मात्र सांगायलाच हवी, कारण तिने आमचा आठवडा खाल्ला. काही शॉट घाईत फोनच्या नेहमीच्या कॅमेऱ्यावर घेतले होते. त्यांत सुरुवातीला ओठ आणि आवाज बरोबर, पुढे पुढे आवाज मागे पडत जातो. आम्ही दर दहा सेकंदांनी आवाज कापून पुढे सरकवत बसलो. खरं कारण असं की अशा वेळी फोन बहुतेकदा 25 म्हणजे काटेकोर 25 फ्रेम घेत नाही, सोयीने कमीजास्त करतो. हँडब्रेक नावाच्या फुकट सॉफ्टवेअरमधून आधी फाइल स्थिर फ्रेमरेटमध्ये बदलून घ्यायची आणि मगच टाइमलाइनवर, म्हणजे शॉट जोडायच्या पट्टीवर, आणायची. एवढंच होतं.

पहिली जोडणी झाली 19 मिनिटांची. कंटाळवाणी. मला प्रत्येक शॉट प्रिय, कारण प्रत्येक शॉटमागचा घाम मला आठवत होता. मैत्रिणीला असलं काही वाटत नव्हतं. ती म्हणायची, “हा शॉट घ्यायला त्रास झाला हे बघणाऱ्याला कुठे माहितीये?” तिने कापलं, मी कुरकुरलो, 8 मिनिटं 40 सेकंद उरले.

आजोबा नव्या मालकाचं बोलणं ऐकतात तो शॉट आमच्याकडे नव्हताच. घ्यायचा राहिला होता. सापडला तो अपघाताने: आम्ही चादर नीट करत होतो तेव्हा फोन चालूच राहिला होता, आणि आजोबा आमच्या धडपडीकडे बघत शांत बसलेत. तो तुकडा ‘घर पाडून नवीन बांधणार आहे’ या वाक्यानंतर लावला. लोक म्हणतात, काय अभिनय आहे. शंभर वर्षांपूर्वी कुलेशोव्ह या रशियन दिग्दर्शकाने एकच चेहरा वेगवेगळ्या चित्रांपुढे जोडून हेच दाखवलं होतं. वाचलेलं होतं, पण स्वतःच्या टाइमलाइनवर घडताना पाहिलं तेव्हा अंगावर काटा आला.

आणि एका रुंद शॉटमध्ये टेबलावर, लाल दोरीची, बाइकची किल्ली आहे. काकूंनी ठेवलेली. आमच्यापैकी कुणालाही शूटच्या वेळी दिसली नाही. तो शॉट काढावा की नाही यावर दोन दिवस वाद झाला. वॉल्टर मर्च या फिल्म एडिटरने कट कुठे द्यावा याचे निकष क्रमाने लावलेत: भावनेला 51 टक्के, आणि वस्तू-माणसं जागच्या जागी असण्याला, तळाला, 4. त्या शॉटमध्ये आजोबा खोलीभर नजर फिरवतात. शॉट ठेवला. किल्ली अजून तिथेच आहे, आजवर एकानेही विचारलं नाही.

राहिला तो फ्रिज. एक मिनिट चाळीस सेकंदांच्या टेकखाली अखंड घूं. आम्ही वापरलेल्या आवाज साफ करणाऱ्या सॉफ्टवेअरला नुसत्या घुमण्याचा एक तुकडा द्यावा लागतो, म्हणजे नेमकं काय काढायचं ते त्याला कळतं. आमच्याकडे खोलीच्या शांततेचं 30 सेकंदांचं रेकॉर्डिंग होतं, पण ते सकाळचं, फ्रिज बंद असतानाचं. चालू फ्रिजचा नुसता आवाज फक्त टाळीनंतरचा दीड सेकंद. तेवढ्यावर साफ केलं तर घुमणं गेलं, पण आजोबांचा श्वास आणि किल्ल्यांची किणकिण पाण्याखालून आल्यासारखी झाली. त्या शॉटमध्ये संवाद नाहीत. किणकिण आणि श्वास गेला तर उरतं काय? तिथे संगीत टाकायचं मीच सुचवलं. दोघांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी विषय सोडला. (संगीताचं एक सांगतो. क्रिएटिव्ह कॉमन्स लिहिलेलं सगळंच उचलता येत नाही. ‘बदल नको’ अशी अट असलेलं गाणं चित्राला जोडणं हाही बदलच धरतात.)

तोडगा मित्राने काढला, ज्याला आम्ही उरलंसुरलं काम दिलं होतं तोच. तो म्हणाला, “आवाज एका शॉटमध्ये आहे आणि बाकीच्यांत नाही, म्हणून खटकतो. सगळीकडेच असू दे ना. घर आहे, घरात फ्रिज असतो.” मग मैत्रीण म्हणाली, “आणि शेवटी घर रिकामं झाल्यावर बंद होऊ दे.” मी गप्प बसलो. दिग्दर्शक मी होतो, आणि सिनेमाचा शेवट त्या दोघांनी मिळून लिहिला.

त्यासाठी चालू फ्रिजचा लांबलचक स्वच्छ आवाज हवा, आणि तो थांबतानाचाही. मी पुन्हा वर गेलो. काकूंना आधी सगळं सांगितलं, कुठल्याही बटणाला हात लावणार नाही हेही सांगितलं.

“फ्रिजचा आवाज रेकॉर्ड करायचाय?” त्यांनी विचारलं.

“हो.”

“फ्रिजचा?”

“हो काकू.”

“त्या दिवशी तोच नको होता ना तुम्हाला?”

बटण दाबायचं नाही, म्हणजे कॉम्प्रेसर आपणहून थांबेपर्यंत वाट बघणं आलं. आम्ही तिघं स्वयंपाकघरात जमिनीवर मांडी घालून बसलो, फोन फ्रिजच्या पाठीशी. वीस मिनिटांनी तो थरथरला, आतून काहीतरी खडखडलं, आणि नेमकी त्याच क्षणी दारावरची बेल वाजली. दुसऱ्या खेपेला मला शिंक आली. तिसऱ्या खेपेला मिळाला. आधी घुमणं जरा जड होतं, मग दोन हिसके, मग काहीच नाही. त्या ‘काहीच नाही’ची पंधरा सेकंदंही आम्ही श्वास रोखून घेतली. दोन तासांत तेवढं एकच काम झालं. वर्षभरात मी केलेल्या कामांत ते मला सगळ्यात नीट केलेलं वाटतं.

फिल्म पाठवायला लागलो तेव्हा कळलं की ‘लघु’ची व्याख्या जो तो आपापली करतो. ऑस्करच्या नियमात श्रेयनामावलीसकट 40 मिनिटांपर्यंतचा सिनेमा लघुपट, फ्रान्समधल्या कान महोत्सवाच्या स्पर्धेत 15 मिनिटांपर्यंतचा. आमची दोन्हीकडे बसत होती, बसण्यापलीकडे आमचा तिथे काही संबंध नव्हता. सहा छोट्या महोत्सवांना पाठवली. काही ठिकाणी आधी इंटरनेटवर टाकलेली फिल्म चालत नाही, म्हणून मोह आवरून ती कुठेही टाकली नव्हती. चार नकार आले, एक उत्तर आलंच नाही, एका ठिकाणी दाखवली. सभागृहात साधारण तीस माणसं होती. शेवटी फ्रिज थांबला तेव्हा मागच्या रांगेत कुणीतरी खोकलं आणि तेवढं एकच ऐकू आलं. मित्राने माझा हात दाबला. नंतर एक बाई भेटल्या, म्हणाल्या की आजोबांचं काम फार आवडलं. आवाजाचं नाव कुणी काढलं नाही. मित्र खूश होता. तो म्हणाला, कळला नाही म्हणजे बसलाय.

पण खरं दाखवायचं होतं ते वरच्या मजल्यावर. एका संध्याकाळी लॅपटॉप त्यांच्या टीव्हीला जोडला. आजोबांनी यंत्र कानात घातलं, काकू खुर्ची पुढे ओढून बसल्या. किल्लीचा शॉट आला. आजोबा स्वतःच्या हाताकडे बघत म्हणाले, “केवढा वेळ लावला मी!” काकू काही बोलल्या नाहीत. पदराला हात पुसत राहिल्या, हात कोरडेच होते.

शेवटचा शॉट आला, रिकामी खोली, बंद होणारं दार. टीव्हीवरचा फ्रिज जड झाला, दोन हिसके देऊन थांबला. शांतता झाली असणार. आम्हाला ती ऐकूच आली नाही, कारण मागे खरा फ्रिज तालात घुमत होता.

मित्राची नजर बटणाकडे गेली.

“हात लावायचा नाही,” काकू टीव्हीवरून नजर न हलवता म्हणाल्या.